दोन भिंगांच्या साहेबांस, यवतमाळहून

प्रति,
मा. विपणनप्रमुख,
सर्वसामान्यांसाठी थ्रीडी कॅमेरा विभाग
(कंपनी कोणतीही. ती दर पंधरा-वीस वर्षांनी बदलते, साहेब तेच असतात.)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुम्ही पुन्हा बाजारात उतरल्याचं कळलं. आधी अभिनंदन स्वीकारा. एकच चूक 1947 सालापासून न कंटाळता करत राहायची तर अंगी चिकाटी लागते. त्या वर्षी अमेरिकेत तुम्ही स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा आणलात आणि त्यावर 162 डॉलर 50 सेंटची चिठ्ठी डकवलीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तो वापरत, सिनेमातला विनोदवीर हॅरॉल्ड लॉइड जाहिरातीत झळकला. 1954 मध्ये कोडॅकनं 84 डॉलर 50 सेंटला आपला स्टिरिओ कॅमेरा काढला, तेव्हा आता हा घरोघर जाणार असं तुम्ही जाहीर करून टाकलंत. 1959 ला कोडॅकनं तो बंद केला. घरोघर गेला तो साधा डबा कॅमेराच.

मग 1982 मध्ये तुम्ही चार भिंगांचा निम्स्लो घेऊन आलात. किंमत 200 डॉलरच्या आत, चष्म्याशिवाय दिसणारा खोल फोटो, सगळं कसं झकास. फक्त रोल ठरावीक लॅबलाच पाठवायचा आणि प्रिंटची वाट बघत बसायचं. तो बुडाल्यावर त्याचा वारस निशिका एन 8000 आला, आणि इथं तुमच्या कल्पकतेला मात्र मी हात जोडतो. अंग प्लॅस्टिकचं, डोक्यावर महागड्या कॅमेऱ्यासारखा दिसणारा खोटा उंचवटा, आणि हातात घेतल्यावर भारी वाटावा म्हणून पोटात वजनासाठी घातलेला धातू! साहेब, आमच्या जिल्ह्यात कापसावर पाणी मारून वजन वाढवणारे आहेत. पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की सरकारी कापूस खरेदी करणाऱ्या सीसीआयचा ग्रेडर गाडी परत लावतो. तुमची गाडी कुणीच परत लावली नाही. उलट आज तोच डबा हलत्या-डुलत्या चित्रांच्या हौशी पोरांना जुनी चीज म्हणून चढ्या भावानं विकला जातो.

2009 सालचा तुमचा पराक्रम तर आणखी वरचा. फुजीफिल्मचा रिअल थ्रीडी डब्ल्यू 1 आला 600 डॉलरला. आणि त्यातले फोटो बघायची आठ इंची चौकट? ती वेगळी, 500 डॉलरला! म्हणजे पोरगी दाखवायचे पैसे वेगळे आणि पोरगी बघायचे वेगळे. पुढच्या वर्षी डब्ल्यू 3 आला 500 डॉलरला, त्या वेळच्या दरानं 23 हजारांच्या आसपास. त्याच्या पाठीमागचा पडदा चष्म्याशिवाय थ्रीडी दाखवायचा, हे कबूल. पण बरोबर समोरून बघितलं तरच. लग्नाचा फोटो काकूंना दाखवायला म्हणून कॅमेरा जरा तिरका करावा, तर काकूंना नवरदेव दोन दिसत, आणि मग तुम्ही काकूंना समजावत बसा. भिंगं दोन टोकांना, त्यामुळे निम्म्या फोटोंत डाव्या भिंगावर बोट. शिवाय दोन भिंगांत 75 मिलिमीटरचं अंतर. जुना ठोकताळा सांगतो की त्याच्या तीसपट, म्हणजे सव्वादोन मीटर तरी लांब उभं राहा, नाहीतर बघणाऱ्याचे डोळे ओढले जातात. आमच्या मंगल कार्यालयाच्या स्टेजवर, दोन्हीकडच्या मावश्या, व्हिडिओवाला आणि आशीर्वादाची रांग सोडून, सव्वादोन मीटर मोकळी जागा कुठं आहे ते तुम्हीच येऊन दाखवा.

इथल्या एका स्टुडिओवाल्या भाऊंसमोर मी तुमची सगळी महती वाचली. दोन भिंगं, खोली, उठाव, सगळं. ते लग्नाच्या करिझ्मा अल्बमची पानं लावत होते. मान वर न करता म्हणाले, "फोटो त काढू बाप्पा, पण पाह्याचा कायच्यात?"

एवढा एकच प्रश्न. तुमच्या सगळ्या सादरीकरणांत तो कधी आला नाही याचं मला खरोखर कौतुक वाटतं. कारण उत्तर तुमच्याच धंद्याच्या इतिहासात पडलेलं आहे. 1854 मध्ये स्थापन झालेल्या लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनीनं लोकांच्या गळ्यात कॅमेरा मारला नाही. अडीच शिलिंगांना बघायचं यंत्र दिलं आणि वर चित्रांच्या जोड्या विकत राहिली. अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीनं अशाच जोड्या विकायला कॉलेजची पोरं दारोदार पाठवली. 1907 मध्ये छायाचित्रकार जेम्स रिकल्टनच्या भारताच्या 100 चित्रांची पेटी त्यांनी काढली, ती घेणाऱ्यानं आयुष्यात कॅमेऱ्याला हात लावला नसला तरी चालत होतं. व्ह्यू-मास्टर तर पोरासोरांनी डोळ्याला लावून लावून झिजवला. महेश कोठाऱ्यांनी 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ थ्रीडीत आणला, तेव्हाही चष्मा दारातच हातात मिळाला. त्यातला तात्या विंचू अंगावर यावा म्हणून कुणी घरी नवा टीव्ही घेतला नाही. आणि 2014 मध्ये गुगलनं पुठ्ठ्याची खोकी काढली, दोन भिंगं आणि आत आपलाच मोबाईल. पुढल्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सनं ती वर्गणीदारांना पेपरबरोबर वाटली. बघणं स्वस्त केलं की माणसं येतात. तुम्ही मात्र काढणं विकता आणि बघणं उधार ठेवता.

गैरसमज नको, मी थ्रीडीच्या विरोधात नाही. असतो तर पत्राचा कागद कशाला वाया घालवला असता? कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उभे राहा. साध्या फोटोत कापसाची गंजी म्हणजे पांढरा डाग, तिची उंची, कड, खळगे काही म्हणता काही कळत नाही. दोन भिंगांत तीच गंजी पोट पुढे काढून उभी राहते. लग्नात "शुभमंगल सावधान" झाल्यावर हवेत उडालेल्या अक्षता एकेक दाणा वेगळा, कुणी नवरीच्या नाकापुढे, कुणी भटजींच्या मागे, अशा टांगलेल्या दिसतात. आमच्या नवरात्रातल्या दुर्गोत्सवाचे देखावे तर याच्यासाठीच उभारल्यासारखे. माल चांगला आहे हो. विकणारा तेवढा बदला.

पण नाही. आता तुम्ही फोनमध्ये शिरला आहात. 2023 च्या आयफोन 15 प्रोची इथली किंमत तेव्हा 1,34,900 रुपये होती, आणि त्यात स्पेशल का स्पेशियल असा काहीतरी व्हिडिओ निघतो. बघायला? त्याच कंपनीचं डोक्यावर चढवायचं यंत्र, 3,499 डॉलर. 2024 मध्ये ते अमेरिकेबाहेर अनेक ठिकाणी विकायला गेलं, त्या यादीत भारत नव्हता. म्हणजे आमच्याकडे काढायची सोय झाली, बघायला सिंगापूरला जा.

तेव्हा पुढचा कॅमेरा आणण्याआधी एवढंच करा. खोक्यावर छापलेल्या किमतीत बघायचं साधन धरा. शिवाय एक प्रिंट यवतमाळात कुठं, किती रुपयांत आणि किती दिवसांत मिळेल, ते त्याच खोक्यावर मराठीत लिहा. एवढं कळलं की स्टुडिओवाले भाऊ अॅडव्हान्स पाठवतील.

कळावे,
आपला एक सर्वसामान्य

ता. क. डेमोला माणूस पाठवणार असाल तर लग्नसराईत पाठवा. जेवणाची सोय होईल. फक्त त्याला सांगा, डावं बोट आवरून धर.