चार फुटांचा दिवाणखाना

प्रस्तुत मार्गदर्शन गिरगाव, लालबाग, परळ, दादर या भागांत अजून तग धरून असलेल्या चाळींच्या गॅलरीपुरतं आहे. गॅलरी म्हणजे जिन्यापासून निघून सगळ्या बिऱ्हाडांच्या दारांवरून सामाईक संडासापर्यंत जाणारी, साधारण चार फूट रुंद आणि मजल्याइतकी लांब जागा. तिची मालकी घरमालकाकडे, वहिवाट सगळ्यांकडे आणि झाडण्याची जबाबदारी कालच्या भांडणात जो हरला त्याच्याकडे. अशी जागा लावायला गृहसजावटीची मासिकं कामाची नाहीत. लांबट, अरुंद जागेत मोठा आरसा लावा, म्हणजे ती दुप्पट वाटते, असं ती सांगतात. गॅलरीत आरसा लावला तर सकाळी त्याच्यासमोर दाढी करायला सहा माणसं उभी राहतात आणि जागा निम्मी होते.

पहिला प्रश्न मापाचा. कडेवर कळशी घेतलेल्या दोन बायका समोरासमोर आल्या आणि एकमेकींना न भिजवता पार झाल्या, की वाट पुरेशी, असा जुना ठोकताळा होता. नळ खोल्यांत आल्यापासून तो मागे पडला. आता मोजमाप गोदरेजच्या कपाटाचं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. मजल्यावर लग्न झालं की ते येतंच, आणि त्याला जिन्यातून वळून आत जायचं असतं. दुसरं माप तिरडीचं. तिला माणसाहून जास्त लांबी लागते, दोन्ही बाजूंना खांदेकरी लागतात आणि वळणावर ती कपाटासारखी उभी करता येत नाही. म्हणून जिन्याच्या तोंडाशी काही ठेवायचं नाही. या एका बाबतीत चाळीत मतभेद नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना वयोवृद्ध मंडळी ‘तुझ्याच वेळेला अडचण होईल हो’ एवढंच म्हणतात.

आता सामान. नवशिका भाडेकरू थेट लाकडी बाकडं आणून दाराबाहेर मांडतो आणि आठवड्याच्या आत कमिटीपुढे उभा राहतो. जाणकार पायपुसण्यापासून सुरुवात करतो. पायपुसण्याला हरकत घेणं म्हणजे स्वच्छतेला हरकत घेणं. पायपुसण्यावर चपला येतात. पावसाळ्यात ओली छत्री आत कशी न्यायची, म्हणून भिंतीत एक खिळा. एका खिळ्याला दुसरा खिळा हवा, दोन खिळे झाले की फळी, आणि फळीखालची जागा उगाच वाया जाते म्हणून चपलांचं कपाट. पावसाळा हा विस्ताराचा ऋतू आहे हे लक्षात ठेवावं. उन्हाळ्यात केलेलं अतिक्रमण डोळ्यांवर येतं. कपाट तिरप्या खणांचं घ्यावं. आडवी ठेवलेली चप्पल फूटभर जागा खाते, तिरप्या खणात तीच सात-आठ इंचांत मावते. वाचलेले इंच शेजाऱ्याला परत करायची प्रथा नाही.

सर्वांत भक्कम दावा तुळशीचा. तेलाच्या चौकोनी डब्यात माती घालून लावलेली तुळस ज्या दिवशी कठड्याशी ठेवली, त्या दिवसापासून तो कोपरा तुमचा. तुळस हलवा असं तोंडावर म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तुळशीमागे खराटा, घासलेटचा रिकामा कॅन, मोडक्या तिचाकीचं एक चाक आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेला पाइपाचा तुकडा सुखाने नांदू शकतो.

पिंपाच्या बाबतीत मात्र श्रद्धेपेक्षा भौतिकशास्त्र मोठं. निळ्या प्लास्टिकच्या दोनशे लिटरच्या पिंपात काठोकाठ भरलं की दोनशे किलो पाणी. म्हणजे तीन धडधाकट पाहुणे, जे कधीच परत जात नाहीत. बऱ्याच जुन्या चाळींत गॅलरी भिंतीबाहेर काढलेल्या सागवानी तुळयांच्या टोकांवर तोललेली असते. भार भिंतीपासून जितका दूर, तितका तुळईच्या मुळाशी ताण जास्त. तेव्हा पिंप भिंतीला चिकटून, तुळस कठड्याला. उलट केलंत तर एके दिवशी पिंप खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या ताब्यात जाईल. आणि १९४७चा भाडे नियंत्रण कायदा आल्यापासून मुंबईत एकदा गेलेला ताबा परत मिळाल्याचं फारसं ऐकिवात नाही.

वाळत घालण्याच्या काठ्या वर कप्पीला असतात, म्हणून त्यांना जागा लागत नाही असं पुरुष मानतात. वास्तविक गॅलरीतला सर्वांत जुना सीमातंटा काठीचाच. खोलीची रुंदी दहा फूट. नऊवारी लुगडं सत्तावीस फुटांचं. म्हणजे ते तीन पदरी केल्याशिवाय आपल्या हद्दीत वाळत नाही, आणि तीन पदरी केलं तर वाळतच नाही. शेजारणीशी बोलणं असेल तर दोन पदरी घालावं. बोलणं बंद असेल तर तीन पदरी घालून मधूनमधून मोठ्याने उसासे टाकावेत. पाचवारी आणि गाऊन आल्यावर हा प्रश्न सुटला. त्याबरोबर बोलणं सुरू ठेवण्याचं कारणही गेलं. ठिबकण्याचा नियम कायम आहे: पाणी आपल्या दारात पडलं तर ते ओले कपडे, दुसऱ्याच्या पडलं तर संस्कार.

टेकूंकडे सजावटीच्या दृष्टीने कोणी बघत नाही, ही खंत आहे. १ सप्टेंबर १९४०पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारती ‘अ’ वर्गात मोडतात; त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची. दुरुस्ती होईपर्यंत टेकू लागतात. असा टेकू आपल्या दारासमोर आला तर रडू नये. चार फुटांच्या जागेत जमिनीपासून छतापर्यंतचा खांब फुकट मिळाला आहे. त्यात खिळे ठोकू नयेत, सुतळीने बांधावं: दप्तर, बॅट, दुधाची पिशवी, गणपतीच्या वर्गणीची पावती आणि ‘सामाईक जागेत वस्तू ठेवू नयेत’ ही कमिटीची सूचना. टेकू तात्पुरता असल्यामुळे त्याला गडद रंग द्यावा, म्हणजे पंधरा-वीस वर्षं मळ दिसत नाही.

बीडीडी चाळींचं शास्त्र वेगळं. तिथे गॅलरीला कठडाच नाही. मधून बोळ आणि दोन्ही अंगांना खोल्या. एका मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे दहा दारं दहा दारांकडे बघत उभी. अशा बोळात ऊन नाही, म्हणून तुळस नाही, म्हणून दावा थेट करावा लागतो, आणि समोरचाही तेच करत असतो. मधोमध उरलेल्या वाटेला रस्ता म्हणण्यापेक्षा तह म्हणणं योग्य.

रात्रीची मांडणी सविस्तर सांगण्याची गरज नाही: दहानंतर वळकट्या उलगडतात आणि सगळं फर्निचर माणसांचंच होतं. डोकं भिंतीकडे की कठड्याकडे, हे संडासाकडे जाणाऱ्याच्या पायाच्या मापावर ठरवावं. कॅरमचं मात्र आधी ठरवून घ्यावं. बोर्डाचा नुसता खेळायचा चौकोन ७४ सेंटिमीटरचा, वर चौकट. दोन्ही अंगांना खेळाडू बसवले की चार फूट संपले. म्हणून तिसरा भिडू उंबऱ्यात, चौथा कठड्याला पाठ लावून बसतो, आणि जाणारा येणारा प्रत्येक जण ओलांडता ओलांडता क्वीन कशी घ्यायची ते सांगतो. हा सल्ला जागेच्या भाड्यात धरला जातो.

कधीतरी नोटीस येतेच. अग्निशमनाचं कारण असतं, आणि ते शंभर टक्के खरं असतं. आग लागली तर याच चार फुटांतून सगळा मजला खाली उतरायचा आहे. तेव्हा नोटिशीचा मान राखावा. सगळ्यांनी एकाच दिवशी सामान आत घ्यावं आणि गॅलरी किती प्रशस्त आहे हे पाहून थक्क व्हावं. मुलं त्या दिवशी तीनचाकी या टोकापासून त्या टोकापर्यंत दामटतात, म्हातारे खुर्च्या बाहेर काढून बसतात. खुर्च्या तशाच राहतात. ही नव्या फेरीची सुरुवात.

पुनर्विकासाने ही विद्या लोप पावेल असं काहींना वाटतं. वरळीत बीडीडीच्या पहिल्या रहिवाशांना २०२५ साली टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या: १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर. इतकी जागा मिळाल्यावर माणूस दाराबाहेर पाय पसरणार नाही, असं नियोजनकारांचं गृहीतक दिसतं. पण लिफ्टपासून दारापर्यंत पॅसेज टॉवरमध्येही असतो. लांब असतो, अरुंद असतो आणि सामाईक असतो. तिथे तुळशीने सुरुवात करू नये. ऊन पोचत नाही, कॅमेऱ्यात पानं दिसतात. आधी दाराला तोरण, मग उंबऱ्याशी रांगोळीचं स्टिकर, मग पायपुसणं. चपलांना पहिला पाऊस पडेपर्यंत आतच ठेवावं.