अण्णा मायनसमध्ये आहेत

टेंभुर्णीत माणूस थांबतो तो पुढं जाण्यासाठी. पुण्याहून सोलापूरला निघालेला इथं चहा घेतो, पंढरपूरला निघालेला इथं वळतो, कुर्डुवाडी-बार्शीवरून लातूर गाठणारा इथंच महामार्ग सोडतो. अकलूज-करमाळ्याच्या लोकांची ये-जा वेगळीच. चौकात घटकाभर उभं राहिलं की सगळं जग कुठंतरी निघालंय असं वाटतं. या गर्दीत एक जमात मात्र कायम निघायच्या बेतात असते. ती निघणार असते उद्यापासनं. नाव घेतलं तर दहाजण अंगावर ओढून घेतील, म्हणून आपण तिच्यातल्या एकाला नुसतं अण्णा म्हणू.

अण्णांचं वय पंचावन्नच्या अलीकडं-पलीकडं. पाच एकर ऊस, एक मोटारसायकल आणि शर्टाच्या खालच्या दोन बटणांशी कायमचा वाद. डॉक्टरांनी सांगितलंय, साखर जरा वर आहे, दहा किलो कमी करा, चाला. अण्णांनी हे मनावर घेतलं. मनावर घेण्यात अण्णांचा हात धरणारा माढा तालुक्यात नाही.

महाराष्ट्राला मुहूर्त साडेतीन. अण्णांना सगळेच कामाला येतात. पाडव्याला चालणं सुरू, अक्षय्य तृतीयेला रात्रीचं जेवण बंद, दसऱ्याला योगासनं. उरला बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त, त्याला ते प्रामाणिकपणे अर्धाच संकल्प करतात: साखर सोडली, गूळ नाही. त्यात दिवाळी म्हणजे कारखान्याकडून सभासदांना सवलतीची साखर यायचे दिवस. पोतं ओसरीवर उभं आणि अण्णा त्याच्याकडं पाठ करून बिनसाखरेचा चहा पितायत, हे दृश्य भाऊबीजेपर्यंत टिकतं. मग म्हणतात, ‘‘आपणच पिकवायची आन् आपणच सोडायची? सभासदच साखर खाईना म्हणल्यावर भाव कसा टिकंल?’’

साहित्याच्या बाबतीत हयगय नाही. बूट आणले, डायरी आणली, पावलं मोजणारं घड्याळ आणलं. डायरीत पहिली दोन पानं मोत्यासारख्या अक्षरात, तिसऱ्यावर ठिबकवाल्याचा हिशेब. घड्याळाशी मात्र त्यांचं चांगलं जुळलं. खडबडीत शिवाररस्त्यानं मोटारसायकलवरून गेलं तरी ते पावलं मोजतं, हा शोध लागल्यापासून अण्णा सगळ्यांत वाईट रस्ता निवडतात.

प्रगतीचं माप त्यांनी उजनीवरून घेतलंय. आमच्याकडं पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी ‘‘उजनी कितीवर?’’ धरणात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं ६३हून जास्त मृतसाठ्यात. टक्केवारी धरतात ती वरच्या साधारण ५३ टीएमसीवर. त्यामुळं धरणात डोळ्यांना पाणी दिसत असतं आणि आकडा असतो मायनस. अण्णांना ही पद्धत फार पटली. वजन ८४ होतं तेव्हा सुरुवात, म्हणजे शून्य टक्के. ७४ झालं की शंभर. सध्या वजन ८६ आहे, म्हणजे अण्णा मायनस वीस. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं, ‘‘अण्णा, कितीवर आलं?’’ की ते पाटबंधारे खात्याच्या आवाजात सांगतात, ‘‘वजा वीस. आवक मंदावलीय.’’ पोटाकडं बोट दाखवलं तर म्हणतात, ‘‘ह्यो मृतसाठा हाय. ह्याला हात लावायचा म्हणजे वरनं परवानगी लागती.’’

२०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठच्या जवळ गेली. शिवारातली माणसं धास्तावली होती. अण्णाही धास्तावले, पण आपल्यापेक्षा कुणीतरी खाली आहे याचं किंचित समाधान त्यांना लपवता आलं नाही. ऑगस्टात धरण शंभरीपार गेलं. अण्णा होते तिथंच.

मोबाइलवर कुणीतरी त्यांना सांगितलं की कुठलीही सवय २१ दिवसांत लागते. अण्णा बाराव्या दिवशी माझ्याकडं आले, उरलेले नऊ दिवस माफ होतात का विचारायला. मी त्यांना सांगितलं की हा २१चा आकडा बराचसा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरलाय. नाक-तोंड बदलून घेतलेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण तीन आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. अण्णा गंभीर झाले. ‘‘तोंडाला एकवीस. मग पोटाला किती?’’ तर लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सवय लागायला साधारण ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब आला. ‘‘आपण २५४वाल्यातलं,’’ अण्णांनी तिथल्या तिथं स्वतःची वर्गवारी करून टाकली आणि त्या दिवशीचं चालणं तहकूब केलं. एवढा पल्ला आहे म्हटल्यावर एका दिवसानं काय बिघडतं!

मला स्वतःला अण्णांचा घोटाळा टपरीवर होतो असं वाटतं. ते संकल्प करतात तो मोठ्यानं करतात. ‘‘उद्यापासनं पाचला उठणार’’ म्हटलं की चारजण माना डोलवतात, ‘‘अण्णा म्हणजे जिद्दीचं माणूस’’ म्हणतात, कुणीतरी चहा सांगतं, तोही साखरेचा. झालं, फळ मिळालं. आता पाचला उठायचं कशापायी? पीटर गॉलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं २००९मध्ये हेच प्रयोगांतून मांडलं. अमुक माणूस व्हायचा आपला बेत दुसऱ्यानं ऐकून घेतला, की तसं झाल्याचं समाधान आधीच पदरात पडतं आणि हात ढिले पडतात. त्याच्या प्रयोगात विद्यार्थी होते. टेंभुर्णीत आला असता तर एका बाकड्यावर काम भागलं असतं.

पण अण्णा कच्चे आहेत असं कुणी म्हणू नये. त्यांचा ऊस आडसाली. जुलै-ऑगस्टात लावायचा आणि सोळा-अठरा महिने सांभाळायचा. त्या हिशेबात लंडनचे २५४ दिवस म्हणजे निम्मं पीक. या सोळा महिन्यांत अण्णांनी कधी भरणी चुकवली नाही, खताचा हप्ता मागं-पुढं केला नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतात (साबुदाण्याचा विषय इथं नको). आणि शेतीची लाइट रात्रीच्या पाळीला असते तेव्हा पाचला न उठणारे हेच अण्णा रात्री दीडला टॉर्च घेऊन बांधावर उभे असतात. मोटार चालू करायची, दारं धरायची, सरी भरली की पुढच्या सरीला जायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चिखलातून, साप-विंचू बघत. ना डायरी, ना बूट. घड्याळही घरीच, चिखलात खराब होईल म्हणून. याची घोषणा त्यांनी कधी केली नाही, कारण हा संकल्प आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

ते मी सांगितलं, ही माझी आगाऊपणाची हद्द. परवा त्यांच्या ओसरीवर बसून म्हणालो, ‘‘अण्णा, रात्री पाणी देताना तुम्ही जेवढं चालता, तेवढं डॉक्टरांनीसुद्धा सांगितलं नसेल.’’ अण्णांचे डोळे चमकले. बोटांवर सऱ्या मोजल्या, लांबी गुणली, घड्याळ काढून हातात बांधलं, कोरं पान उघडलं आणि छाती पुढं काढून म्हणाले, ‘‘ठरलं. आजपासनं रोज रात्री न चुकता पाणी धरायचं. संकल्प!’’

आतून भाकरी थापायचा आवाज थांबला. पिठाचे हात तसेच घेऊन काकू उंबऱ्यापर्यंत धावत आल्या.

‘‘आवो, पाया पडते तुमच्या. त्येचा तरी संकल्प करू नका. ऊस वाळंल!’’