दर सेकंदाचा ताप

बुलढाणा जिल्ह्यात तापमान विचारलं की आधी उलटा प्रश्न येतो, ‘घाटावरचं का घाटाखालचं?’ मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याचे पाहुणे राजूर घाट चढून आले की आमच्या हवेचं कौतुक करतात आणि आम्ही ते संकोच न करता स्वीकारतो. समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास राहतो एवढंच आमचं कर्तृत्व, पण ऐट हिमालयाची.

या ऐटीला पुरावा म्हणून आजवर वर्तमानपत्रातला कमाल-किमान आकडा पुरत होता. वेधशाळेत सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला नोंद होते. मधल्या वेळात काय झालं याची काळजी नको. कमाल तापमापीतला पारा दुपारी जिथवर चढला तिथंच थांबतो, कुणी येऊन झटका देईपर्यंत खाली येत नाही. निरीक्षक जेवायला गेला तरी दुपार निसटत नाही.

आमच्या भाच्याला मात्र हे पटेना. देऊळगाव राजाच्या बाजूला दाजींचं शेडनेट आहे. त्या भागात शेडनेटमधल्या बीजोत्पादनाचं पीक मोठं. टोमॅटो-मिरचीचं क्रॉसिंग बायका हातानं करतात आणि पारा पस्तिशीच्या पुढं गेला की टोमॅटोचे पराग रुसतात. म्हणून पाण्याचं धुकं उडवणारा फॉगर वेळेवर सुरू व्हायला हवा. शेगावहून इंजिनिअर होऊन आलेल्या भाच्यानं शेडनेटमध्ये सेन्सर टांगला आणि जाहीर केलं, “मामा, दर सेकंदाला रीडिंग! तुमच्यापण फोनवर देतो.”

दिवसाला ८६,४०० नोंदी. तेवढ्यांदा घरच्यांनी मला आयुष्यात ‘बरं आहे ना?’ विचारलेलं नाही. वर प्रत्येक आकडा चार दशांशांपर्यंत: ३४.०६२५. हा डीएस१८बी२० नावाचा सेन्सर ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी बोलतो, पण त्याच्या अचूकतेची हमी अर्ध्या अंशाइतकीच. म्हणजे पहिल्या दशांशाचीच खात्री नाही आणि चौथा छाती काढून उभा! असे पुढारी आपण पाहिलेले आहेत.

शिवाय या पठ्ठ्याला एक पूर्ण रीडिंग काढायलाच पाऊण सेकंद लागतो. त्यात तो स्टीलच्या नळीत बसवलेला, त्यामुळं हवा तापली हे त्याला समजायलाच मिनिटभर जातं. त्याला सेकंदाला एकदा हटकून नवीन काय कळणार? नायक्विस्ट आणि शॅनन या दोघा शास्त्रज्ञांनी सांगून ठेवलंय की जी गोष्ट ज्या वेगानं हलते, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा तिच्याकडं बघा. एखाद्या ढगाचा क्षणिक बदल सोडला तर शेडनेटमधली हवा सावकाश तापते. तिथं दर पाच मिनिटांनी एक नोंद झकास. एक वीत खोल मातीचं तापमान मात्र सकाळ-दुपारच्या हिशेबानं सरकतं. तिला तासातून एकदा विचारलं तरी तिची हरकत नसते.

नोंदीपेक्षा जोडणीनं जास्त छळलं. घराच्या वायफायला शेडनेटपर्यंत जायचं नव्हतं. मग तार. आरएस-४८५ची जोडणी बाराशे मीटरपर्यंत चालते, असं भाच्यानं वाचलं होतं, आणि ते खरंही आहे. पण ते लिहिणाऱ्याच्या रानात रोही नसावेत. कळप रात्री बांधावरून गेला आणि तापमान एकदम गायब झालं. मग सिमकार्ड. रेंज सापडली ती चिंचेच्या शेंड्यावर. फॉगर चालवणारा गडी म्हणाला, “आता चढवता का मले वर?” शेवटी लोरा नावाचं बिनतारी तंत्र आलं. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडं परवान्याशिवाय वापरता येतो, मोकळ्या रानात ही लहर काही किलोमीटर जाते आणि वीज मुंगीएवढी खाते. अट एकच, कमी बोलायचं. दर सेकंदाला बडबडणाऱ्याला ते दारात उभं करत नाही.

तेव्हा कुठं भाच्याच्या लक्षात आलं की मोजणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. पाच मिनिटांनी मोजायचं, मेमरी कार्डावर साठवायचं, अर्ध्या तासानं एकगठ्ठा पाठवायचं, पस्तीस ओलांडलं तरच लगेच ओरडायचं. मधे जोडणी तुटली तरी नोंदी कार्डावर शाबूत. ही या सगळ्या खटाटोपातली खरी अक्कल, आणि ती कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते.

दाजींना यातल्या कशाचंच अप्रूप नाही. त्यांचं मन भेंडवळच्या घटमांडणीत. जळगाव जामोद तालुक्यात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यं, ढेकळं, घागर, पापड मांडायचे, दुसऱ्या पहाटे काय हललं-सरकलं ते पाहायचं आणि वर्षाचं पीकपाणी सांगायचं. भाकीत खरं ठरतं असं मी म्हणणार नाही. पण यंत्रणा म्हणून बघा: वर्षाला दोन नोंदी, बॅटरी शून्य आणि निकाल दुपारच्या आत जिल्हाभर. भाच्यानं हे ऐकून मान खाली घातली.

परवा भर दुपारी फोन ओरडला, छत्तीस. मी तातडीनं दाजींना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “कळलं आम्हाला, आम्ही आतच उभे आहोत. पण लाइन कुठं आहे फॉगर चालवायला?”

तेव्हा कुणाला शेडनेटमध्ये हे बसवायचं असेल तर आधी फॉगरसाठी जनरेटर घ्या, सेन्सर नंतर. आणि तारच टाकायची असेल तर पाइपात घालून दोन फूट खोल पुरा. रोही ऐकत नाहीत.