शेवळं, पण व्याख्यानासह

टिटवाळ्याचा महागणपती अडलेली लग्नं मार्गी लावतो अशी ख्याती आहे. शकुंतलेचं गाऱ्हाणं त्यानेच ऐकलं म्हणतात. लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर जेवायला कुठे जायचं, हे मात्र तो बघत नाही. आमच्या शेजारच्या भाऊ-वहिनींसाठी ते त्यांच्या बंगळुरूच्या लेकीने पाहिलं. मुंबईतला दहा कोर्सचा 'टेस्टिंग मेन्यू', पैसे आगाऊ भरून.

टेस्टिंग मेन्यूत काय खायचं ते शेफ ठरवतो, किती खायचं तेही तोच. 2016 साली महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' निघालं आणि हा प्रकार मुंबईच्या अंगवळणी पडू लागला. आमची मंडळी गेली ती दुसरीकडे. नाव सांगत नाही, त्यांचं चाललंय ते चालू दे.

भाऊंची अट एकच, परतीची शेवटची कसारा लोकल चुकता कामा नये. दहा कोर्स गुणिले पंधरा मिनिटं, हा हिशेब आंबिवली यायच्या आत मांडून झाला होता.

पहिली ताटली परातीएवढी. मधोमध काय आहे ते बघायला भाऊंनी जवळचा चष्मा लावला. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा आणि त्यावर सुकटीची 'एडिबल सॉइल'. आमच्याकडे सुकटीची माती झाली तर सुनेला बोलणी बसतात, इथे तिचा स्वतंत्र कोर्स होतो. तिसऱ्या ताटलीत मासा होता म्हणे. दुष्यंताला माशाच्या पोटातली अंगठी तरी मिळाली, भाऊंना फेसाच्या पोटातला मासा मिळेना.

पाचवा कोर्स घेऊन आलेला मुलगा हात मागे बांधून उभा राहिला. "हे शेवळं. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस उगवतं. शेफनी स्वतः सह्याद्रीत फॉरेज केलंय."

"म्हणजे?"

"वेचून आणलंय, मॅडम."

जून महिन्यात टिटवाळा स्टेशनाबाहेर आदिवासी बायका याच शेवळांच्या जुड्या मांडून बसतात. वेचून आणलेल्याच असतात, पण त्या बिचाऱ्या तसं सांगत नाहीत. वहिनींनी मुद्द्याचं विचारलं, "काकडं घातलीत ना? नाहीतर घसा खाजतो."

मुलगा आत गेला, परत आला. "शेफनी युझू वापरलाय. जपानी लिंबू."

भाऊ तोवर खाकरायला लागले होते. त्यांच्या पेल्यात पाणी ओतायला वाकलेला तो मुलगा हळूच म्हणाला, "काकू, मी वासिंदचा. आई काकडंच घालते. पण इथे कोणाला सांगू?"

क्रमाक्रमाने वाढणं आपल्याला नवं नाही. साधं वरण-भात, मसालेभात, जिलबी, शेवटी मठ्ठा. पंगतीला नियम असतोच. फरक आग्रहाचा. पंगतीत पानावर आडवा हात धरला तरी वाढपी जिलबी टाकून पुढे सरकतो. इथे आग्रह झाला तो फक्त वाईनच्या 'पेअरिंग'चा, आणि चारचौघांत नाही कसं म्हणायचं म्हणून भाऊ हो म्हणाले.

ते पेअरिंग बिलात आलं. त्याच्याखाली दहा टक्के सेवाशुल्क. हे शुल्क आपणहून बिलात चढवू नका, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला बजावलंय आणि 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलंय. भाऊंना दोन्ही तारखा पाठ. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरच्या पावतीवरून तासभर बोलणारा हा माणूस. पण मंद दिवे, समोर वहिनींची पैठणी, बिल चामड्याच्या वहीत. भाऊंनी मुकाट्याने कार्ड काढलं. फक्त विचारलं, "यातलं तुला काय मिळतं रे?" वासिंदकराने घड्याळ दाखवलं. "काका, कसारा गाठायची असेल तर आत्ता निघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्टेशनाबाहेर भेटल्या. शेवळांची जुडी तीस रुपये म्हटल्यावर लूट चाललीये म्हणून त्या चांगल्याच तापल्या होत्या. वीसला घेतली, वर मूठभर काकडं फुकट.