तोडपाण्याविना तस्करी

२०१९ हे वर्ष अलिबागच्या इतिहासात एका कारणासाठी नोंदवून ठेवायला हवं. ‘अलिबागहून आलायस का?’ या समोरच्याला भोळा ठरवणाऱ्या बोलण्यानं अलिबागकरांची बदनामी होते, तेव्हा त्यावर बंदी घालावी, अशी याचिका त्या वर्षी मुंबई उच्च न्यायालयात आली. असले विनोद सगळ्याच समाजांवर होतात, फार मनावर घेऊ नये, अशा अर्थाचं सांगून न्यायालयानं ती निकालात काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘नार्कोस: राइज ऑफ द कार्टेल्स’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला. तो थोडा आधी आला असता, तर पुरावा म्हणून दाखल करता आला असता. अख्ख्या कोलंबियाला कापरं भरवणारी तस्कर पाब्लो एस्कोबारची टोळी या गेममध्ये अशी वागते, की भिंतीआड पोलीस बंदूक रोखून बसलाय हे दिसत असताना तिचा गडी खुशाल उघड्यावर येतो आणि आपली मरायची पाळी येईपर्यंत तिथेच ताटकळतो. भोळेपणाचं माहेर अलिबाग नसून कोलंबियातलं मेडेयिन आहे, हे कुठल्याही न्यायमूर्तींना पटलं असतं.

मूळ मालिका अशी भोळी नव्हती. नेटफ्लिक्सवर २०१५ साली आलेली ‘नार्कोस’ बघताना आपण पोलिसांच्या बाजूनं आहोत की पाब्लोच्या, हेच मधूनमधून विसरायला व्हायचं. गेमनं त्यातली नावं घेतली, मर्फी आणि पेन्या हे अमेरिकी अधिकारी घेतले, पहिल्या पर्वाची कथा घेतली, आणि हे सगळं एका नियमाच्या दावणीला बांधलं. गेम आळीपाळीनं खेळायचा. आपली पाळी आली की तुकडीतल्या एकाच माणसाला हलवायचं. मग शत्रूचा एक हलणार, मग पुन्हा आपला एक. बाकीचे सगळे रस्त्याच्या खड्ड्याशी एकजण फावडं मारत असताना कमरेवर हात ठेवून उभे असतात तसे उभे. हे कळल्यावर शहाणा खेळाडू काय करतो? त्यातल्या त्यात तयारीचा एक गडी निवडतो आणि त्यालाच पुन्हा पुन्हा राबवतो. उरलेले प्रवासभत्त्यावर आल्यासारखे मोहिमेवर येतात आणि बहुधा एकही गोळी न झाडता परत जातात. याच नियमानं आपली ‘सीआयडी’ काढली असती तर दयानं दरवाजा तोडला असता, मग पाळी गुन्हेगाराची म्हणून तो मागच्या खिडकीतून गेला असता, मग एसीपी प्रद्युम्न यांनी हवेत बोटं फिरवली असती, आणि ती फिरेपर्यंत गुन्हेगारानं पनवेलही ओलांडलं असतं.

यावर बुद्धिबळवाले लगेच उसळतील. आमच्याकडेही एका वेळी एकच मोहरा हलतो, मग दीड हजार वर्षं लोक कंटाळले कसे नाहीत? आक्षेप बिनतोड दिसतो, पण पटाकडे नीट बघावं. बुद्धिबळात न हललेल्या मोहऱ्यालाही जोर असतो. कोपऱ्यातला उंट काही न करता अर्धा पट अडवून बसतो आणि एक प्यादं सरकवलं की मागचा हत्ती मोकळा होतो. एका चालीत पाच जणांची परिस्थिती बदलते. इथे एकजण हलला तर फक्त तोच हलतो. २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’मध्ये आपल्या पाळीला सगळी तुकडी हलवता येते. एकानं शत्रूला दडपून ठेवायचं, दुसऱ्यानं बगलेनं चाल करायची, तिसऱ्यानं नेम धरायचा, असा डाव तिथे रचता येतो. न्यायानं एक सांगायला हवं, की ‘नार्कोस’मध्येही काही क्षण जिवंत आहेत. शत्रू समोरून धावत चालला की कॅमेरा एकदम आपल्या माणसाच्या खांद्यामागे येतो आणि त्या दोन-चार सेकंदांत नेम आपल्यालाच धरावा लागतो. तिथे खरोखर छातीत धडधडतं. कारण तेवढ्यापुरती दोन माणसं एकाच वेळी हलत असतात, म्हणजे गेमचा मुख्य नियम रजेवर असतो!

पण हा नियम वाईट आहे एवढंच म्हणणं असतं तर त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. नियम हे लक्षण आहे, दुखणं वेगळंच आहे. एस्कोबारची ख्याती ज्या धमकीवर उभी होती, तिला दोन टोकं होती: चांदी घे, नाहीतर शिसं खा. त्यातली चांदी, म्हणजे पैसा, आधी पुढे व्हायची. शिशाची पाळी नंतर. मालिकेची सगळी रंगत या दोन टोकांमधल्या जागेत आहे. न्यायाधीश घाम पुसतो, शिपाई पगाराचा हिशेब करतो, मंत्री कानांवर हात ठेवतो. १९९१ मध्ये एस्कोबारनं शरणागती पत्करली ती आपण सांगू त्या तुरुंगात राहू या अटीवर, आणि ‘ला कातेद्राल’ नावाच्या त्या तुरुंगात तो पुढच्या वर्षी पळून जाईपर्यंत यजमानासारखा राहिला. सरकारला आपल्याच कैद्याकडे पाहुण्यासारखं जावं लागावं, यापेक्षा मोठा डावपेच कुठला? गेमनं नेमकी ही चांदी वगळली आणि नुसतं शिसं ठेवलं. पैसा गेममध्ये आहे, नाही असं नाही, पण तो भरतीसाठी. मेलेल्याच्या जागी नवा गडी घ्यायचा तर मोजायचा. समोरच्याला विकत घेता येत नाही. ज्या माणसानं अर्धं शहर खिशात घातलं होतं, त्याला एका साध्या पहारेकऱ्यालाही चहापाण्याला दहा पेसो देता येत नाहीत.

आता तस्करी म्हणजे काय हे रायगडच्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. मांडव्यापासून बाणकोटच्या खाडीपर्यंत या किनाऱ्याला दर काही मैलांवर एक खाडी फुटते. रेवदंड्याला कुंडलिका, मुरुडच्या पुढे राजपुरी, आणि मधे असंख्य पुळणी, जिथे रात्री मचवा लागला तर कुत्रंही भुंकत नाही. सोन्याच्या व्यापारावर १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं बेड्या घातल्या आणि आखातातला भाव व आपल्याकडचा भाव यांत मोठी दरी पडली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं आणि मनगटी घड्याळं उतरायची, ती काही धडाधड गोळ्या झाडून नव्हे. भरती कधी, चांद कधी मावळतो, तांडेल कोण, माल डोक्यावरून वर कोण नेणार, ट्रक कुठल्या फाट्यावर उभा राहणार आणि त्या रात्री कोणाला नेमकी कशी गाढ झोप लागणार, हे सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. एकानं हलायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं ठरलं, तर ओहोटी लागून माल पुळणीवरच राहील. पुढे १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला, १९९२ मध्ये परदेशस्थ भारतीयांना पाच किलोपर्यंत सोनं रीतसर शुल्क भरून आणायची मुभा मिळाली, आणि सोन्याच्या तस्करीतली मलई गेली. एवढा मोठा शत्रू एकही गोळी न झाडता अर्थखात्यानं घायाळ केला. असा शेवट ‘नार्कोस’ गेमला सुचणं शक्य नाही.

पुढची गोष्ट हसण्याची नाही. १९९३ च्या जानेवारीत दिघीच्या जेटीवर शस्त्रं उतरली. ती नेणारी वाहनं म्हसळ्याजवळच्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवली, तोडपाणी लाखांत ठरलं, आणि रोकड हाताशी नाही म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा देण्यात आल्या. फेब्रुवारीत श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पोलीस आणि कस्टमचे काही लोक पुढे खटल्यात दोषी ठरले. त्या फाट्यावर ना चकमक झाली, ना कुणी भिंतीआड दबा धरला. ज्या गेममध्ये फाट्यावरची ती पाच-दहा मिनिटं बसत नाहीत, त्यानं स्वतःला तस्करीचा गेम म्हणवून घेऊ नये. गोळीबाराचा म्हणावं, हरकत नाही.

‘अहो, पण लोक गेम विकत घेतात ते गोळ्या झाडायला, लाच द्यायला नव्हे,’ असं कुणी म्हणेल. शिवाय लाच द्यायला शिकवणारा खेळ मुलांच्या हाती कसा द्यायचा? म्हणजे माणूस मारून दाखवला तर करमणूक, पाकीट सरकवून दाखवलं तर संस्कारांवर घाला! बरं, मालिकेचा गेम नीट होतच नाही म्हणावं, तर त्याच प्रकाशकांनी पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका मालिकेवरचा ‘पीकी ब्लाइंडर्स: मास्टरमाइंड’ आणला. त्यात टॉमी शेल्बीच्या कुटुंबातल्या माणसांच्या हालचाली घड्याळ मागे फिरवून एकमेकींशी जुळवायच्या असतात. गेम छोटा आहे, किरकोळही म्हणा, पण टॉमीचं डोकं कसं चालतं हे त्याला कळलं होतं. आणि लाचेत खेळ नाही म्हणणाऱ्यांनी लुकास पोप यांचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ बघावा. सरहद्दीवरचा एक गरीब कारकून, समोर पासपोर्ट, हातात शिक्का, घरी आजारी माणसं, शेकोटीला पैसे नाहीत, आणि खिडकीतून कुणीतरी हळूच पैसे सरकवतंय. बंदुकीचं काम त्यात अगदी थोडं, तरी घाम फुटतो.

तसाच एक गेम आपल्या किनाऱ्यावर सहज होईल. खाडीच्या तोंडाशी एक चौकी, भिंतीवर भरती-ओहोटीचं कॅलेंडर, वीज गेलेली, वायरलेस खरखरणारा, आणि दारात हात जोडून उभा एक अत्यंत नम्र माणूस. आळीपाळीनं खेळायलाही हरकत नाही. फक्त पहिली चाल टेबलाच्या कुठल्या बाजूनं व्हायची, हे आधी ठरवून घ्यावं लागेल, कारण पहिल्यांदा विषय कुणी काढला यावर दोन्ही बाजूंचे जबाब आजवर कधी जुळलेले नाहीत.