जाऊन या, पण एक एप्रिलच्या आत

जपानात विद्येचा एक देव आहे आणि तो मुळात सरकारी नोकर होता. सुगावारा नो मिचिझाने त्याचं नाव. नवव्या शतकातला हा पंडित दरबारात पार वरपर्यंत चढला. मग हितशत्रूंनी राजाचे कान भरले आणि ९०१ साली त्याची दूर दाझाइफूला शिक्षेची बदली झाली. दोन वर्षांत तो तिथेच गेला. पुढे त्याचे वैरी एकेक करून मेले, राजवाड्यावर वीज कोसळली, आणि घाबरलेल्या दरबाराने त्याला थेट देव करून टाकलं. मरणोत्तर बढती इतकी वर गेल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या ऐकिवात नाही. जानेवारीत टोकियोच्या युशिमा देवळात गेलात तर नवसाच्या लाकडी पाट्यांचे थरावर थर लटकलेले दिसतील. पाटीवर विद्यापीठाचं नाव, शाखा, वर्ष, सगळं नीट लिहिलेलं. देवाला विसरलो म्हणायची सोय ठेवलेली नाही.

आता या देवाच्या सेवापुस्तकातली एक नोंद बघा. ८९४ साली त्याला चीनला जाणाऱ्या शिष्टमंडळाचा प्रमुख नेमलं होतं. त्या काळी शिकायला जाणारे विद्यार्थी आणि भिक्षू याच जहाजांतून जात. साहेबांनी अर्ज टाकला: तिकडे तांग राज्यात बेबंदशाही माजली आहे, वाटेत माणसं बुडतात, सबब दौऱ्याचा फेरविचार व्हावा. दौरा रद्द झाला तो कायमचाच. म्हणजे जपानी पोरं परीक्षेआधी ज्याच्यापुढे हात जोडतात, त्यानेच परदेशी शिक्षणाची फाइल अकराशे वर्षांपूर्वी बंद केली आहे.

सरकारला ती पुन्हा उघडायची आहे. २०३३ पर्यंत पाच लाख जपानी विद्यार्थी परदेशी धाडायचे, असं २०२३ मध्ये ठरलं. ठरवायला काय जातं! १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या परदेशी विद्यार्थ्यांत जपानचा पहिला नंबर होता, आकडा ४७ हजारांवर गेला होता. आज त्याचा तिसरा हिस्साही उरलेला नाही. (पहिला नंबर हल्ली आपला आहे. तो अभिमानाने सांगायचा की काळजीने, हे आपलं अजून ठरायचंय.) त्यावर तिथल्या ज्येष्ठांचं निदान तयार आहे: हल्लीची पोरं घरकोंबडी झाली!

घरकोंबडी कशी तयार करतात, ते पाहू. विद्यापीठ प्रवेशाची देशव्यापी सामाईक परीक्षा जानेवारीच्या मध्यावर, ऐन थंडीत, दोन दिवस चालते. सुमारे पाच लाख पोरं बसतात. इंग्रजीच्या श्रवणपरीक्षेत प्रत्येकाच्या हाती एक छोटं यंत्र देतात. कानात इअरफोन, हातात पेन्सिल, आख्खं सभागृह एकाच वेळी इंग्रजी ऐकतंय आणि कोणी ब्र काढत नाही. वाचायचं, ऐकायचं; बोलायचं नाही. बोलण्याचीही परीक्षा घ्यावी अशी योजना होती. ती खाजगी संस्थांकडून घ्यायची, तिची फी पोरांनी भरायची आणि गावाकडच्यांनी शहरात येऊन ती द्यायची, यावरून गदारोळ उठला. २०१९च्या नोव्हेंबरात सरकारने ती आधी पुढे ढकलली आणि मग सोडूनच दिली. जगाशी संवाद साधणारी पिढी हवी, पण तिने तोंड उघडण्याची घाई नको.

एवढं होऊन एखादी पोरगी गेलीच परदेशी, तर तिने परत कधी यायचं? खरी मेख इथे आहे. मोठ्या जपानी कंपन्या पदवीधरांची भरती घाऊक करतात आणि सगळे नवे एकाच दिवशी, १ एप्रिलला, रुजू होतात. कंपन्यांची माहितीसत्रं तिसऱ्या वर्षाच्या १ मार्चपासून, मुलाखती चौथ्या वर्षाच्या १ जूनपासून, पक्कं पत्र १ ऑक्टोबरला. काळा सूट, पांढरा शर्ट, बेताचे केस. ओहायोतली पोरगी मार्चमध्ये सहामाहीचे पेपर लिहीत असते. ती घरी परतते तोवर तिच्या मैत्रिणींच्या खिशात नोकरीचा शब्द पडलेला असतो. वरातीमागून घोडं!

कंपन्यांना या पोरांची अगदीच दया येत नाही असं नाही. दर नोव्हेंबरात बॉस्टनला जपानी बोलणाऱ्या पोरांसाठी नोकरमेळा भरतो. नोकरी देणारा टोकियोचा, घेणारा ओसाकाचा, गाठ मात्र बॉस्टनला.

मग सरळ वर्षच सप्टेंबरात सुरू करा ना? टोकियो विद्यापीठाने २०१२ मध्ये तसं बोलून पाहिलं आणि पुढच्या वर्षी शब्द गिळला. २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पाडल्या तेव्हा सरकारनेही विषय काढला. जून उजाडेपर्यंत तो मिटला. शाळा एप्रिलात, सरकारी हिशेब एप्रिलात, नोकरी एप्रिलात. महामारी देशभरच्या शाळांना कुलूप लावू शकते, पण १ एप्रिलला हात लावण्याची तिचीही टाप नाही.

पैशाचं विचाराल, तर राष्ट्रीय विद्यापीठाची वर्षाची ठरीव फी ५,३५,८०० येन. टोकियो विद्यापीठाने २०२५ पासून ती ६,४२,९६० केली, त्यावर विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. अमेरिकेतल्या नामांकित खाजगी विद्यापीठात राहणं-खाणं धरून वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर लागतात. डॉलर दीडशे येनचा धरला तर एक कोट वीस लाख येनच्या वर. तेवढ्यात टोकियोत अठरा वर्षं फी भरून होते, म्हणजे नापास व्हायलाही भरपूर सवड. युनिक्लो कपडेवाल्या यानाईंची शिष्यवृत्ती मिळाली तो सुटला. डॉक्टरकीचं गणित उलटं. देशातली खाजगी वैद्यकीय महाविद्यालयं सहा वर्षांत दोन-तीन कोटी येन सहज गिळतात, म्हणून पोरं हंगेरी गाठतात. आपल्याकडे किर्गिझस्तान, त्यांच्याकडे हंगेरी. इथे घरकोंबडी कोणी म्हणत नाही, कारण इथे म्हाताऱ्यांचेच पैसे वाचतात.

परदेशी जाऊन आलेल्यांचा जपानात मान नाही असं मात्र म्हणू नका. त्यांना थेट नोटेवर छापतात. जुलै २०२४ मध्ये निघालेल्या तिन्ही नव्या नोटा काढा. दहा हजारावर उद्योगपती शिबुसावा: १८६७ मध्ये पॅरिसला गेले आणि मागे त्यांना पाठवणारी राजवटच कोसळली. पाच हजारावर त्सुदा उमेको: १८७१ मध्ये सरकारने सहाव्या वर्षी अमेरिकेला धाडली, अकरा वर्षांनी परतली तेव्हा मायबोली जवळजवळ विसरलेली, आणि पोरीचं पुढे काय करायचं हे सरकारने ठरवलंच नव्हतं. हजारावर कितासातो: बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ कॉखच्या हाताखाली नाव काढलं, १८९२ मध्ये परतले, तर मायदेशी साधी प्रयोगशाळा मिळेना, शिक्षणतज्ज्ञ फुकुझावांनी धावून जाऊन ती उभी केली. तिघंही जाऊन आलेले. त्यांच्या तसबिरी असलेल्या नोटा खिशात घालून आज जायचं म्हटलं तर विमानतळापुढे फारसं जाता येत नाही.

जाऊन आलेली आणखी एक होती. आनंदीबाई जोशींचा १८८५चा फिलाडेल्फियातला फोटो आपल्याला ठाऊक आहे. त्यात साडीतल्या आनंदीबाईंबरोबर किमोनोतली जी जपानी तरुणी आहे, ती ओकामी केइको. आनंदीबाई परतल्या आणि वर्ष व्हायच्या आत गेल्या. ओकामी १८८९ मध्ये डॉक्टरकीची पदवी घेऊन परतल्या, टोकियोच्या इस्पितळात रुजू झाल्या. सम्राटांची भेट ठरली तेव्हा बाई डॉक्टर समोर नको असं सम्राटांकडूनच आलं आणि त्यांनी राजीनामा दिला, असं सांगतात. त्यांना तर नोटही मिळाली नाही.

अर्थात आता काळ बदलला आहे. आता मोठ्या कंपनीत परदेशी शिकून आलेल्या मुलीला साहेब स्वतः चहा विचारतात.

“चार वर्षं अमेरिकेत काय शिकलात?”

“वर्गात एखादी गोष्ट पटली नाही, तर तसं तोंडावर सांगायला.”

“वा! आम्हाला अशीच जागतिक दृष्टीची माणसं हवीत.” साहेब टिपून घेतात. “आणि ही सवय मोडायला साधारण किती दिवस लागतील?”

मुलगी हुशार. “एक एप्रिलपर्यंत मोडेल, सर.”