लगतचे दोघे

वडिलांच्या पश्चात माझ्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. एक बंद पडलेलं घड्याळ. एक डायरी, जिच्यात हातउसने पैसे नेणाऱ्यांची नावं होती आणि त्यातले निम्मे वडिलांच्याही आधी वर गेले होते. आणि शेवगाव तालुक्यातल्या आमच्या गावी, गावठाणाला खेटून असलेली दीड गुंठा जागा.

मी तीस वर्षं बँकेत कर्जखात्याला काढली. लोकांचे सातबारे तपासून डोळ्यांचा नंबर वाढला, पण स्वतःचा सातबारा नीट पाहिला तो निवृत्तीनंतर, सावेडीतल्या घरी, मोबाईलवर. क्षेत्र ०.०१.५२. हेक्टरच्या जागी शून्य, आरच्या जागी एक, बाकी चौरस मीटर. जुन्या हिशेबात सांगायचं तर रुंदी एक साखळी आणि लांबी दीड. साखळी तेहतीस फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा. असे चाळीस झाले की एकर. मोजणीतली जुनी माणसं गुंठ्याचे सोळा आणे धरतात. त्या हिशेबाने आमची वडिलोपार्जित इस्टेट चोवीस आणे, म्हणजे रोख दीड रुपया.

मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, काढून टाका ना ती जागा. कशाला ठेवलीय?"

२०२३च्या दिवाळीत मी गावी गेलो, तेव्हा जागा माझी आहे याची खूण सापडेना. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला ओढा, उत्तरेला तात्यांचं घर, दक्षिणेला गुरुजींचं. दोघंही शेतकरी, दोघांनी आपापल्या वावरात घरं बांधलेली. तात्यांच्या बाजूने कडब्याची गंज, शेळी आणि बाजेवर वाळत घातलेल्या कुरडया. गुरुजींच्या बाजूने न्हाणीचं पाणी, त्या पाण्यावर पोसलेल्या केळी आणि नातवाची मोटारसायकल. मधोमध एक शेवगा, शेंगांनी लगडलेला.

या शेवग्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो वडिलांनी लावला. तात्या त्याच्या शेंगा खातात, गुरुजी खातात, ओढ्यापलीकडचे खातात. मी नगरला भाजीवाल्याकडून विकत घेऊन खातो. इतक्या वर्षांत एकदाही कुणी चार शेंगा हातावर ठेवल्या नाहीत. आधी मला हा कोतेपणा वाटला, मग त्यातली अडचण कळली. माझ्या झाडाच्या शेंगा मला द्यायच्या कशा? दिल्या तर झाड माझं आहे हे कबूल केल्यासारखं होतं. आणि मी मागाव्यात, तर मालकाने मागायचं म्हणजे काय! त्यामुळे मी गेलो की कधी तात्यांशी, कधी गुरुजींशी त्या झाडाखाली उभं राहून पावसापाण्यावर बोलायचो आणि वर कुणीच बघायचं नाही.

भाचा नगरच्या कोर्टात वकिली करतो. त्याला परिस्थिती सांगितली. तो म्हणाला, "मामा, सांभाळा. बारा वर्षं उघडपणे, अखंड, मालकाला न जुमानता ताबा ठेवला की कब्जेवहिवाट सांगता येते."

"कुणाला, शेळीला?"

"शेळी दर दोन वर्षांनी बदलते. ती अखंड धरता येणार नाही. कडब्याच्या गंजीचं मात्र बघायला लागेल."

मग त्याने खरी गोम सांगितली. १९४७ सालचा तुकडेबंदीचा कायदा. वाटण्या होऊन होऊन जमिनीच्या चिंध्या होऊ नयेत म्हणून केलेला. प्रमाणभूत क्षेत्राहून कमी जमीन म्हणजे तुकडा. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने ही मर्यादा खाली आणली तरी जिरायतीला वीस गुंठे आणि बागायतीला दहा. आमचा दीड. आणि कलम ७ असं की तुकडा विकायचा तर फक्त लगतच्या जमिनीच्या मालकाला. जगात दुसऱ्या कुणालाही नाही.

म्हणजे बाजार भरला, पण गिऱ्हाइकं दोनच, आणि त्या दोघांचं न्हाणीच्या पाण्यावरून पंधरा वर्षं बोलणं बंद.

(पुढे जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी शिथिल करण्याची घोषणा केली. आमचा व्यवहार तोवर उरकला होता. आमच्या घराण्याचं टायमिंग असंच आहे.)

मधल्या काळात पांढरा शर्ट, पांढरी गाडी आणि पांढरे बूट असा एक एजंट येऊन गेला. "काका, कायद्याचं टेन्शन नका घेऊ. शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करू, तुम्ही मोकळे." असल्या नोटरीचे कागद तारण म्हणून घेऊन आलेली माणसं मी बँकेत तीस वर्षं परत पाठवली होती. त्यालाही चहा पाजून परत पाठवला.

आधी तात्यांकडे गेलो.

"आवो, काय करायचीय ती जागा?" तात्या म्हणाले. "पावसाळ्यात गुडघाभर पाणी. परवा एवढी धामण निघाली. आम्ही शेळी बांधतो म्हणून निदान राबता तरी हाय."

"मग गुरुजींना देतो."

तात्यांनी चहाची बशी तोंडापर्यंत नेली होती, ती तशीच खाली ठेवली. "गुरुजी काय करणारेत तिथं?"

"घर वाढवायचं म्हणत होते." हे मी तिथल्या तिथे रचलं. बँकेत असताना मी इतकं खोटं बोलत नसे.

गुरुजींनी शिस्तीत वही काढली. समास आखला. वर दिनांक घातला. गुंठ्याच्या भावातून ओढ्याच्या पुराबद्दल काही वजा, उताराबद्दल काही वजा, शेवग्याच्या मुळ्या त्यांच्या पायाकडे येतात त्याबद्दल आणखी वजा. वजाबाक्या संपल्या तेव्हा मीच त्यांचं काही देणं लागतो की काय असं वाटू लागलं. मग विचारलं, "पलीकडचे काय म्हणतात?" पंधरा वर्षांत त्यांनी तात्यांचं नाव उच्चारलेलं नाही. तात्या 'पलीकडचे' आणि तात्यांच्या तोंडी गुरुजी 'त्ये'.

दोन हंगाम असेच गेले. एकट्याने सगळी घ्यायला कुणाचा हात सैल होईना, आणि दुसऱ्याला जाऊ द्यायला कुणाचं मन होईना. मी म्हटलं, निम्मी निम्मी करू. भाच्याने फोनवरच हात जोडले. "मामा, तुकड्याचा आणखी तुकडा करायच्या भानगडीत पडू नका. एकाने घ्या, नाहीतर दोघांनी मिळून सामाईकात घ्या."

सामाईकात! पंधरा वर्षं एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं एका सातबाऱ्यावर! मी भीत भीत दोघांना वेगवेगळं सांगितलं. दोघंही वेगवेगळे विचारात पडले आणि दोघांनीही एकच प्रश्न विचारला, "म्हणजे त्याला एकट्याला काही करता येणार नाही ना?" नाही म्हटल्यावर दोघंही तयार झाले.

त्याआधी मोजणी. जमीन मोजून सारा ठरवणारा मलिक अंबर हा आमच्या निजामशाहीचाच वजीर, त्यामुळे मोजणीच्या दिवशी गाव जमलं नसतं तरच नवल. साहेबांनी साखळी आणलीच नव्हती. काठीच्या टोकाला पांढरी टोपी असलेला रोव्हर आणला होता. तो उपग्रहाकडून जागा विचारून घेतो. तात्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "तिकडून दिसतंय म्हणता? मग शेळी सोडू का जरा?"

रेषा सरकू लागली तशी गंमत सुरू झाली. गुरुजींची न्हाणी अडीच फूट आत निघाली. तात्या खो खो हसले. मग हद्दीचा मूळ दगड शोधायला लागले, तर तो गुरुजींच्या दारात धुण्याचा दगड म्हणून बसवलेला. एक बाजू साबणाने गुळगुळीत. तात्यांना हसू आवरेना. एवढ्यात साहेब उत्तरेला वळले आणि तात्यांचा गोठा चार फूट आत निघाला. आता गुरुजी हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. दात चांगले आहेत. बांध कोरणं आमच्याकडे नवं नाही, पण दोन्हीकडून कोरून मालकाच्या हातात केवळ शेवगा ठेवायचा, हे काम दोघांनी न बोलता किती एकविचाराने केलं होतं!

व्यवहार रेंगाळला तो पुन्हा सरकारमुळे. इसारपावती ऑगस्ट २०२४ची, तिच्यावर जिल्हा अहमदनगर. ऑक्टोबरात जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे अहिल्यानगर झालं आणि खरेदीखत जानेवारीत. गुरुजींना काळजी, की इसार एका जिल्ह्यात आणि खरेदी दुसऱ्या जिल्ह्यात चालेल का? तात्या म्हणाले, "त्यांना सांगा, जागा हलली नाय." मी सांगितलं. गुरुजी दोन हातांवरच बसले होते.

खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. वकिलाच्या टायपिस्टाने वाचून दाखवली: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस लिहून घेणार क्रमांक एक यांची मिळकत, दक्षिणेस लिहून घेणार क्रमांक दोन यांची मिळकत. मग मान वर करून विचारलं, "लिहून घेणार एकमेकांचे कोण?"

"कोणी नाही," गुरुजी म्हणाले.

"शेजारी," तात्या त्याच क्षणी म्हणाले.

टायपिस्टाने थोडा वेळ वाट पाहिली आणि ती ओळच गाळली.

कॅमेऱ्यासमोर फोटो झाले, अंगठे झाले. तात्यांनी स्वतःच्याच गोठ्याखालची चार फूट जागा आणि गुरुजींनी स्वतःच्याच न्हाणीखालची अडीच फूट माझ्याकडून रीतसर विकत घेतली, तीही एकमेकांच्या भागीत. बाहेर येऊन मी दोघांना उसाचा रस पाजला. दोघांनी पाठ थोडी तिरकी ठेवून प्यायला.

मी एसटीकडे निघालो तर तात्या मागून आले. हातात पिशवी, पिशवीतून शेंगांची टोकं बाहेर आलेली. सकाळीच काढून आणल्या असाव्यात, म्हणजे सह्या व्हायच्या आधी, माझ्या झाडाच्या.

"घ्या," तात्या म्हणाले. "आन् येत जा शेंगा न्यायला. आता काय जागा तुमची नाय. लाजायचं कारण नाय."